तालमीची राखण

तीर्थपुरीत नाट्यगृह नाही. घनसावंगी तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. भोवती ऊस, कापूस, मोसंबीच्या बागा, आणि हंगामात सागर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांची रांग. अलीकडे नगरपंचायत झाली, मोबाइलची दुकानं आली, वाढदिवसाला केक मिळायला लागला. पण मखमली पडदा सरकताना बघायचा तर अंबडमार्गे जालना गाठावं लागतं, नाहीतर त्याच्याही पुढे छत्रपती संभाजीनगर. त्यामुळे नाटक बघायला जाण्याची सवय आमच्याकडे कधी रुजली नाही. आमच्याकडे नाटक बसवतात. एकदा बसवायला घेतलं की ते महिनाभर दहा-बारा घरांत मुक्कामाला येतं. कोणी भाकरी थापताना संवाद ऐकते, कोणी मोटारसायकलवर पाठ करतो. प्रयोगाच्या दिवशी फक्त त्याला निरोप द्यायचा असतो.

मी लग्न होऊन संभाजीनगरला आले. तिथे आम्ही एकनाथ रंगमंदिरात जातो, तिकिटावर छापलेल्या नंबरच्या खुर्चीत बसतो, मध्यंतरात वडा खातो आणि गाडी बाहेर काढताना हॉर्न वाजवत नाटकाबद्दल मत देतो. शनिवार-रविवार नाटकासाठी गावी चालले, असं सांगितलं तेव्हा शेजारणीला वाटलं मी काहीतरी उलटं बोलले. माणसं नाटकासाठी गावाकडून शहरात येतात. तिचंही बरोबर होतं.

आमच्या घरात नाटक शिरलं ते मात्र कॅसेटमधून. नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची कॅसेट होती. 1979 पासून डॉ. लक्ष्मण देशपांडे एकट्याने बावन्न माणसं रंगमंचावर उभी करत होते, औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत होते, आणि नाना त्यांच्याबद्दल बोलताना 'आपला लक्ष्मण' म्हणत, जणू शेताच्या बांधाला बांध होता. रात्री जेवणं झाली की टेपरेकॉर्डर ओट्यावर यायचा. शेजारचे यायचे. सगळ्यांना पुढचं वाक्य आधीच माहीत असायचं, तरी हसायचे, किंबहुना माहीत असायचं म्हणूनच हसायचे. आई आत भांडी घासत हसायची. तिचं हसू इतरांच्या आधी यायचं हे मला फार उशिरा लक्षात आलं. तिला सगळं आमच्यापेक्षा अर्धा क्षण आधी समजायचं.

आईने तमाशा कधी पाहिला नाही. जत्रेत कनात लागायची, रात्रभर ढोलकी वाजायची, आणि घरातल्या बाया माळवदावर झोपल्या झोपल्या ऐकायच्या. वारा तिकडून असला की बतावणीतले शब्दसुद्धा यायचे, वारा फिरला की सोंगाड्याचं वाक्य अर्ध्यात तुटायचं आणि लांबून नुसता हशा ऐकू यायचा. "उरलेलं आम्ही मनानी लावायचो," आई सांगते. एवढा अभ्यास झालेली प्रेक्षक मला शहरात भेटलेली नाही.

यंदाचं नाटक गुरुजींनी लिहिलं होतं. ते आमच्या गावात बरीच वर्षं शिकवतात, दरवर्षी जानेवारीत काहीतरी बसवतात, आणि नाटक लिहिताना इतिहासाची पुस्तकं समोर उघडी ठेवतात. 12 जानेवारीला जिजाऊंची जयंती असते. त्या दिवशी इकडची माणसं गाड्या करून सिंदखेडराजाला जातात, जालन्यापासून ते लांब नाही. नाटक त्याच्या पुढच्या शनिवारी ठेवलं होतं. गुरुजींनी शिवाजी महाराज जवळजवळ वगळूनच टाकले होते. नाटक होतं जिजाऊंचं, आणि तेही शेवटचा प्रवेश सोडला तर पुण्यात पोहोचायच्या आधीचं.

ही गोष्ट खरं म्हणजे आमच्या अंगणातली, आणि आम्हीच ती पुण्याला देऊन टाकलेली. जिजाऊंचं माहेर सिंदखेड. सासर वेरूळच्या भोसल्यांचं, म्हणजे घृष्णेश्वराच्या गावचं. आणि वडील लखुजी जाधव मारले गेले ते देवगिरीवर, 1629 मध्ये, निजामशहाच्या दरबारात, मुलांसकट. आज सिंदखेड बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण माहेर, सासर आणि बापाची हत्या या तिन्ही जागा गाडीने एका दिवसात बघून होतात. त्याच्याही आधी खंडागळे यांचा हत्ती बिथरला तेव्हाचं प्रकरण आहे. त्या झटापटीत जिजाऊंचा भाऊ दत्ताजी भोसल्यांच्या संभाजीच्या हातून पडला, आणि लखुजींनी त्या संभाजीला मारलं. नवऱ्याच्या चुलतभावाने आपला भाऊ मारला आणि आपल्या बापाने नवऱ्याचा चुलतभाऊ मारला. अशी बाई त्या संध्याकाळी कोणत्या घरात कोणासाठी रडली असेल, एवढ्या एका प्रश्नावर तीन अंक उभे राहतील. पण आपण जिजाऊंना थेट पाळण्याशी नेऊन बसवतो. आई होण्याआधी ती कोणाची तरी लेक होती, याची चित्रं कॅलेंडरवर येत नाहीत.

जिजाऊंचं काम माझ्या भाचीला मिळालं. दादाची मुलगी, नववीत आहे. पूर्वी असल्या नाटकात बाईचं काम गावातलाच एखादा सडपातळ पोरगा करायचा, त्याला स्त्रीपार्टी म्हणत, आणि पुढे लग्न होऊन दोन पोरांचा बाप झाला तरी गाव त्याला त्याच नावाने हाक मारायचं. आता मुली काम करतात. अडचण कामाची नव्हती, तालमीची होती. तालीम रात्री नऊला सुरू होणार, कारण त्याआधी कोणाची दुधाची वेळ, कोणाचं दुकान. दादाने साफ सांगितलं, रात्रीचं पोरीला पाठवायचं नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं असं दादाच मला फोनवर म्हणाला.

शेवटी आईने निकाल दिला. "मी बसते तालमीला. मग तं झालं?"

आणि ती खरोखर बसली. शाळेच्या व्हरांड्यात एक चटई, अंगावर शाल, पुढ्यात सूप आणि भुईमुगाच्या शेंगा. संक्रांतीच्या लाडवांसाठी फोडायच्या होत्या. पहिले दोन-तीन दिवस पोरं बिचकली. म्हातारी समोर असताना तलवार उपसून ओरडायचं कसं? मग शेंगा खायला मिळतात हे कळलं आणि तालमीची हजेरी सुधारली. गुरुजी म्हणतात, इतकी वर्षं नाटकं बसवतोय, सैनिक वेळेवर आले ते याच वर्षी. लाडवांना मात्र शेवटी शेंगदाणे विकत आणावे लागले.

मी शनिवारी दुपारी पोहोचले तेव्हा सगळे मळ्यात होते. हुरडा होता. आगटीत कणसं भाजून वहिनी दोन्ही हातांनी चोळत होत्या, दादा फुंकर मारून कोंडा उडवत होता. दही, गूळ, लसणाची चटणी, आणि नंतर बागेतल्या मोसंब्या. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय हे दादा प्रत्येक पाहुण्याला सांगतो, आणि त्याच दमात भाव किती पडलाय तेही सांगतो. जिजाऊसाहेब एका बाजूला तोंड पाडून बसल्या होत्या. दही खाल्लं तर आवाज बसेल, चटणी खाल्ली तर घसा खवखवेल, मोसंबी आंबट. प्रत्येक जण तिला एक पदार्थ बंद करत होता आणि एक औषध सांगत होता. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, खडीसाखर. माझ्या मुलाने यूट्यूबवर बघून गरम पाण्याच्या वाफेचा सल्ला दिला. तो मळ्यात, आगटीशेजारी.

गोठ्यामागे दोन पोरं लाकडी नांगराला सोनेरी कागद चिकटवत होती. शेवटच्या प्रवेशात पुण्याच्या उजाड जमिनीत सोन्याचा नांगर फिरतो, ती कथा महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण लाकडी नांगर मिळेना. या शेतकऱ्यांच्या गावात शोधाशोध करावी लागली, हे मला त्या शनिवारातलं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. ट्रॅक्टर सगळ्यांकडे, किंवा भाड्याने. बैलजोड्या बोटावर मोजण्याएवढ्या. नांगर अखेरीस आमच्याच गोठ्यात निघाला, आडवा ठोकून त्याला दोर टांगलेले होते. दादाला तो नांगर आहे हेच आठवत नव्हतं. नानांच्या हातचा असणार. "कामून काढला तिथून? आता दावी कुठं टांगू?" एवढंच तो म्हणाला.

रात्री प्रयोग शाळेच्या कट्ट्यावर. एरवी दोन ट्रॉल्या जोडून रंगमंच होतो, पण ऊसतोडीच्या दिवसांत रिकामी ट्रॉली मिळणं मुश्कील. पडदा म्हणजे वहिनींच्या आणि शेजारच्या काकूंच्या मिळून सहा साड्या, सेफ्टी पिनांनी जोडलेल्या. माईक तारेला मधोमध टांगलेला, त्यामुळे महत्त्वाचं वाक्य आलं की पात्र दोन पावलं पुढे येऊन वर मान करायचं. प्रेक्षकांत बायका उजवीकडे सतरंजीवर, पुरुष डावीकडे आणि मागे मोटारसायकलींवर. कोणी सांगितलेलं नसतं, पण बसतात तसेच.

अशा प्रयोगाला शहरी प्रेक्षक म्हणून बसलं तर पाच मिनिटांत चुका मोजून होतात. मी पहिल्या प्रवेशात तेच करत होते. लखुजीरावांचा फेटा डोळ्यांवर येत होता. शहाजीराजांच्या मनगटावर घड्याळ होतं, ते मागून कोणीतरी ओरडून सांगितल्यावर त्यांनी राजाला शोभेल अशा शांतपणे काढून शेल्यात खोचलं. हत्तीचा आवाज पिपाणीचा. त्यातच कोणाची तरी म्हैस हंबरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाजूच्या आजी दर पात्रागणिक मला त्याची कुळकथा सांगत होत्या: हा अमक्याचा थोरला, याचं लग्न जमंना; तो हत्तीवाला, त्याची बहीण तुझ्या वर्गात व्हती की. मी माना डोलावत होते. एकाच वेळी दोन नाटकं चाललेली असतात अशा ठिकाणी. एक कट्ट्यावर, एक सतरंजीवर. निजामशहाने भर दरबारात लखुजींना दगा दिला तेव्हा सतरंजीवर कुजबूज झाली की हा निजामशहा घरीसुद्धा बापाशी बोलत नाही.

नाट्यगृहाच्या अंधारात नटाला एक सवलत असते. तो कोण, कुठला, कोणाचं देणं लागतो, हे बघणाऱ्याला माहीत नसतं, म्हणून तो दिसेल ते होऊ शकतो. तीर्थपुरीच्या नटाला ही सवलत नाही. त्याला आपल्या माहीत असण्यावर मात करून राजा व्हावं लागतं. बहुतेकांना ते जमत नाही आणि त्याचं कोणाला दुःखही नसतं. पण क्वचित एखाद्या वेळी जमतं.

बापाच्या मृत्यूची बातमी येते तो प्रवेश. गुरुजींनी मूळ वहीत लिहिलं होतं, जिजाऊ किंकाळी फोडते, मग दीड पानाचं स्वगत. भाषा पुस्तकी, 'हा दैवदुर्विलास' वगैरे. भाची महिनाभर किंकाळी घासत होती. वहिनी सांगत होत्या, एकदा न्हाणीघरात सराव करत होती तर शेजारचे काठी घेऊन आले. तालमीत आई रोज हे बघायची आणि शेंगा फोडायची. एका रात्री तिने सूप बाजूला ठेवलं.

"गुरुजी, पोरगी अशी वरडत न्हाई."

गुरुजींनी आदराने विचारलं, मग काय करते?

आईने जे सांगितलं ते मला घरात त्याआधी कधीच कोणी सांगितलं नव्हतं. तिचे वडील गेले तेव्हा ती आमच्या घरात नवीनच नांदायला आली होती. माहेर गोदावरीच्या पलीकडे, बीडकडच्या अंगाला. निरोप घेऊन एक माणूस सायकलवर आला, भर उन्हात. त्याने दारातच सांगितलं. "म्या त्याला इचारलं, जेवलास का? तो न्हाई म्हणला. मंग त्याला आधी भाकर वाढली. त्याचं जेवण होईस्तवर मी चुलीपाशी बसून व्हते. रडले ते पार गाडी जुंपल्यावर."

गुरुजी म्हणाले, हे इतिहासात नाही. आई म्हणाली, नसंल. आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. गुरुजींची गंमत ही, की ते दुसऱ्या दिवशी वही दुरुस्त करून आले. स्वगत गेलं. किंकाळी गेली. भाचीला फार वाईट वाटलं, एवढी मेहनत वाया गेली म्हणून.

हे सगळं मला दुपारी हुरड्याजवळ कळलेलं. तरीही रात्री तो प्रवेश आला तेव्हा माझी तयारी नव्हती. हेर आला. हेर म्हणजे किराणा दुकानवाल्यांचा मुलगा, धापा टाकण्याचं काम त्याने मनापासून केलं. देवगिरीवर काय झालं ते त्याने सांगितलं. आबासाहेब गेले. दादासाहेबही. भाची उभी होती. नऊवारीचा पदर तिने उगीच नीट केला. मग माईककडे मान वर न करता, घरात बोलते त्या आवाजात विचारलं, "काही खाल्लंय का तुम्ही?"

पूर्ण नाटकात हे एकच वाक्य आमच्या बोलण्यातलं होतं. बाकी सगळं 'आपण' आणि 'आज्ञा व्हावी'. उजवीकडच्या सतरंजीवरून नाक ओढल्याचे आवाज यायला लागले. कुळकथा सांगणाऱ्या आजी गप्प झाल्या, मग एकदम मोठ्याने म्हणाल्या, "तुटलं गं बाई माहेर." मागच्या मोटारसायकलीही शांत होत्या. मी आईकडे बघितलं. ती पडद्याच्या कडेला खुर्चीत बसलेली, ओठांनी पुढचं वाक्य आधीच म्हणत होती, कारण हेराची पाळी होती आणि तो विसरला होता.

नंतर पुणं बेचिराख झालं. मुरार जगदेवाने गाढवाचा नांगर फिरवला, आणि गाढव म्हणून आणलेल्या पोराने इतकं जीव तोडून काम केलं की वन्समोअर मिळाला. शहर दुसऱ्यांदा जाळलं. मुरार जगदेव हे आमच्या पलीकडच्या गल्लीतले एक काका. त्यांचं काम संपलं तेव्हा बाराला थोडा वेळ होता, आणि शेतातल्या मोटारीला त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती. मी पाणी प्यायला मागे गेले तेव्हा ते मिशा न उतरवताच मोटारसायकलला किक मारत होते. अंगात जरीचा अंगरखा, डोक्याला मफलर, हातात बॅटरी. उसाला दारं धरायला. "ड्रेपरीवाल्याला सांग, सकाळी आणून देतो म्हणावं," एवढं मला सांगून आदिलशाहीचा सरदार अंधारात गेला. अंगरख्याचा खालचा काठ चिखलात भिजला असणार हे उघड होतं. त्याचे पैसे कोणी भरले ते मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी कोणालाच लवकर जाग आली नाही. आई तेवढी उठलेली. दुपारी मुलांना घेऊन जांबला जायचं ठरलं. जांब समर्थ आमच्याच तालुक्यात. 1608 मध्ये रामनवमीला नारायण ठोसर इथे जन्मले, पुढे रामदास झाले. लग्नात मंगलाष्टकांतलं 'सावधान' ऐकून बाराव्या वर्षी मांडवातून पळालेला हा मुलगा. रंगमंचावरून निघून जाण्याची यापेक्षा जोरकस जागा कोणी लिहिलेली मला माहीत नाही. त्यांच्या घराच्या जागी मंदिर आहे. रामाच्या देवळातल्या जुन्या मूर्ती 2022 च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेल्या होत्या, पुढे पोलिसांनी शोधून आणल्या. त्या दिवसांत आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ तोच विषय असायचा. मुलांना चोरीची हकिगत समर्थांच्या चरित्रापेक्षा जास्त आवडली. आईला तिसरंच काही. ती राणूबाईंबद्दल बोलत होती, समर्थांच्या आईबद्दल. लेक चोवीस वर्षांनी परत आला तेव्हा तिची दृष्टी गेलेली होती, अशी परंपरेत कथा आहे. "लग्नाला आलेले पाहुणे त्या दिवशी जेवले का न्हाई, हे कोण्या पुस्तकात लिवलंय का?" आईने मला विचारलं. एकदा दिग्दर्शन केलं की माणसाला सगळीकडे जागा दिसायला लागतात.

मला मात्र जांब म्हटलं की समर्थांच्या आधी आठवतात ते राजकुमार तांगडे. ते याच गावचे, शेती करणारे. त्यांनी लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' 2012 मध्ये रंगमंचावर आलं. संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि काम करणारे बहुतेक जालना जिल्ह्याच्या खेड्यांतले, कैलास वाघमारेंसारखे. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण महाराजांचे विचार जिरेटोपासोबत खालीच राहतात, आणि मग त्या टोपात बसेल असं डोकं शोधत यमाला पृथ्वीवर फिरावं लागतं. शिवाजी कोणाचा, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या सभागृहांत बोलायला माणसं कचरत होती तेव्हा या पोरांनी तो ढोलकीवर विचारला, आणि लोकांनी शेकडो प्रयोगांना गर्दी करून तो ऐकून घेतला.

मी ते तेव्हाच्या औरंगाबादेत पाहिलं. माझ्या आजूबाजूला हशा पिकत होता आणि मी जरा अवघडून बसले होते, कारण रंगमंचावरची माणसं आमच्या घरासारखं बोलत होती. मराठवाड्याची बोली मराठी रंगभूमीवर बरीच वर्षं होती, पण तिला बहुतेक वेळा हसवायच्या कामावर ठेवलेलं असायचं. लक्ष्मण देशपांड्यांनी तिच्यात आपली सगळी माया ओतली, तरी ऐकणाऱ्याने ती हसण्यासाठीच ऐकली. नानांसकट. तांगड्यांच्या नाटकात तीच बोली वाद घालत होती, दाखले देत होती, समोरच्याला गप्प करत होती. लोक पहिल्या दहा मिनिटांत बोलीला हसले आणि नंतर बोली ज्यांना हसत होती त्यांच्यावर हसायला लागले. त्या वेळी मला ते फार मोठं काहीतरी वाटलं. शनिवारच्या रात्रीनंतर वाटतं, की त्यातही एक गोष्ट राहिली होती. आमची बोली रंगमंचावर हसली, भांडली. शोक करायची वेळ आली की आम्ही अजून पुस्तकाकडे धावतो. 'हा दैवदुर्विलास' म्हणतो. एका सायकलवाल्याला भाकर वाढणाऱ्या बाईने ते वाक्य कापेपर्यंत गुरुजींना, मला, कोणालाच ते खटकलं नव्हतं.

हे मी गाडीत दादाला सांगायचा प्रयत्न केला. तो रस्त्यावरच्या ट्रॉल्या ओलांडण्यात गुंतला होता. "तू तिकडं राहून लई विचार करती," म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, घनसावंगी मागे पडल्यावर, "पण पोरीनं केलं भारी."

घरी आलो तर गुरुजी ओट्यावर बसलेले. साड्या परत आणल्या होत्या. वहिनी एकेक घडी उलगडून बघत होत्या, एका साडीला दिव्याच्या उष्णतेने भोक पडलेलं निघालं आणि ती नेमकी शेजारच्या काकूंची. तो प्रश्न कसा सोडवायचा यावर खल चालू असताना मुरार जगदेव काका आले, अंगरखा पिशवीत घालून. रात्रभर जागल्यामुळे डोळे लाल होते. एक मिशी अजून गालावर थोडी चिकटलेली. लाइट मध्येच गेली, अर्ध्याच उसाला पाणी बसलं, असं म्हणत ते खाली बसले आणि चहा मागितला.

गुरुजींना त्यावरूनच बहुधा सुचलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी इतिहास नको. हेच करू, रात्रीची लाइट. तांगड्यांनी वीजचोरीवर 'आकडा' केलं होतं, आपण आपलं वेगळं लिहू. दारं धरायला गेलेला माणूस आणि रात्रभर घरी वाट बघणारी बायको. दादा म्हणाला, मग वायरमनला पहिल्या रांगेत बसवावं लागेल, आणि नाटक होईपर्यंत तरी लाइट जाणार नाही. काका म्हणाले, तालीम दिवसा ठेवा, रात्री मला काम असतं. आणि भाचीची दहावी आहे, तिला धरू नका, असं दादाने लगेच बजावून घेतलं. आईने मार्चमधल्या परीक्षेला जानेवारीत काय होतं असं विचारलं, पण दादा ऐकेना. म्हणजे बायकोचं काम कोणाला द्यायचं ते पुन्हा राहिलंच. गुरुजी म्हणाले, पुन्हा एखादा मुलगा बघू, पूर्वी करायचेच की.

वहिनी साडीचं भोक दिव्याकडे धरून बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"लिहून झालं की वही आमच्याकडं पाठवा, गुरुजी," त्या म्हणाल्या. "आधी मी वाचते. जमंल का न्हाई ते मग सांगते."

दादा आईकडे बघायला लागला.

"माह्याकडं काय बघतो?" आई म्हणाली. "मी बसंन की तालमीला."